शेवटच्या वर्षाला आहात? नोकरीची तयारी निकालाआधी सुरू करा (विदर्भातल्या गावाकडच्या पोरापोरींसाठी)

काळीमाती (दारव्हा, सध्या नागपूर)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एका कारखान्यात भरती विभागात काम करते, त्यामुळे अर्ज वाचणे हे रोजचेच. सुट्टीत गावी गेले की अभ्यासिकेतल्या मुलामुलींसोबतही बसते. बीए, बीकॉम, बीएस्सी, आयटीआय, डिप्लोमा, कशाच्याही शेवटच्या वर्षाला असाल तर हा धागा तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. आपल्याकडच्या मुलांच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलेले असते. समोर बसवून विचारले की कळते, हा मुलगा दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो, आलेल्या प्रत्येक गाडीची पावती करतो, रात्री आवक जुळवून मगच घरी जातो. एखादी मुलगी बारावीपासून आईच्या बचत गटाचे रजिस्टर लिहिते, कर्जाची फाइल घेऊन बँकेत तीच जाते. कोणी सीएससी सेंटरवर पीक विम्याचे आणि महाडीबीटीचे फॉर्म भरलेत. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी मोबाइलवर आली तेव्हा कितीतरी गावांत कॉलेजच्या पोरांनीच म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या पिकांची नोंद चढवून दिली. एवढे सगळे करून मुलगा लिहितो ‘अनुभव नाही’, कारण पगाराची पावती मिळाली तरच ते काम, असे त्याच्या डोक्यात बसलेले असते.

हे काम कागदावर आणा. पण ‘जिनिंगमध्ये काम केले’ एवढ्याने भागत नाही. काय केले, कशावर केले, कोणाशी व्यवहार होता ते लिहा. ‘कापूस हंगामात काट्यावर पावत्या व आवक नोंद, रोजचा हिशेब एक्सेलमध्ये, शेतकरी व व्यापाऱ्यांशी थेट व्यवहार.’ सिमेंट, स्टील, कोळसा, जिथे जिथे गाड्या भरून येतात-जातात तिथे काटा असतो, स्टोअर असते, डिस्पॅच असते. अशा जागेसाठी अर्ज वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवर थांबतेच. मात्र एक अक्षरही खोटे नको. मुलाखतीतला पुढचा प्रश्न नेमका त्याच ओळीवर येतो.

बायोडेटा एका पानाचा ठेवा. जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय, लग्न झाले की नाही, यांचे खाजगी नोकरीच्या अर्जात काही काम नाही. त्या जागेत काम आणि कौशल्य लिहा. फाइल पीडीएफमध्ये, फाइलला तुमचे नाव. ई-मेल पत्ता साधा, स्वतःच्या नावाचा. आणि ई-मेल रोज उघडून पाहा! मुलाखतीचे पत्र ई-मेलवर पडून राहते आणि मुलगा व्हॉट्सॲपवर वाट पाहत असतो, हे मी दर भरतीत पाहते. फोन नंबरही मध्येच बदलू नका. दोन महिन्यांपूर्वीच्या अर्जावरून फोन लावावा तर नंबर बंद, मग आम्ही यादीतल्या पुढच्याला लावतो.

तुमचे प्रश्न विचारा. जमेल तसे उत्तर देईन.

पांढरंसोनं (वणी)

ताई, लय बरं केलं हा धागा काढला. मी बीकॉम फायनलले आहो. आमच्या अभ्यासिकेत सगळे पोट्टे म्हणतात, पयले सरकारी भरती, मंग बाकीचं. कंपनीत गेलो त अभ्यास सुटते म्हणतात. घरी दोन एकर कोरडवाहू, बाबाले किती दिवस थांबवू? काय कराव काही समजत नाही.

कोळसापट्टी (घुग्घुस)

वणीवाल्या भाऊ, तुझ्या घरापासून कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने किती लांब आहेत रे? आधी अप्रेंटिसशिपचं बघ. हे आपल्या पोरांना कोणीच नीट सांगत नाही, म्हणून मी जरा लांब लिहितो.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे कंपनी तुला घेऊन उपकार करत नाही, तिचंही ते कायद्याचं काम आहे. मी फिटर, आयटीआय झाल्यावर एक वर्ष अप्रेंटिस केलं. मशीन उघडायची हिंमत मला त्या वर्षात आली. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एका लेथवर वीस पोरं उभी असतात, हात लावायला नंबर कधी येणार?

आपल्या भागात जागा कुठे निघतात ते ध्यानात ठेव. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, २,९२० मेगावॅटचं. भद्रावती, अंबाझरी आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणी. बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. आणि रेल्वे. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य, दोन्हींची जाहिरात वेगवेगळी येते. रेल्वे अप्रेंटिसला परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. आणि रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. त्यामुळे दहावीचे मार्क कामाचे नाहीत असं कोणी म्हणलं तर ऐकू नको.

फक्त आयटीआयवाल्यांचंच आहे असंही नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही दार उघडलं. डिग्री-डिप्लोमाची नोंदणी नॅट्स पोर्टलवर, आयटीआयची अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर. २०१९च्या नियमात किमान विद्यावेतन पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० ठरवलं होतं. त्यात श्रीमंत कोणी होत नाही, पण रूमचं भाडं आणि मेस निघते, आणि वर्षाच्या शेवटी हातात सर्टिफिकेट असते.

एक मात्र पक्कं समजून घे. अप्रेंटिस संपलं की कंपनीनं कायम करायलाच पाहिजे असं बंधन नाही. आमच्या बॅचमध्ये या आशेवर काही जण पुढं वर्षभर घरी बसले. शेवटच्या तीन महिन्यांतच दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात करायची.

काळीमाती

कोळसापट्टी भाऊ, फार कामाचे लिहिले. यात एक जोडते. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरले. गावातल्या बऱ्याच मुलांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये काम केले. ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही. पण त्या काळात तुम्ही ऑनलाइन नोंदी केल्या असतील, अहवाल टाइप केले असतील, तर बायोडेट्यात योजनेच्या नावाखाली ते काम लिहा. नुसते योजनेचे नाव वाचून समोरच्याला काही कळत नाही.

पांढरंसोनं, तू बीकॉम. टॅली आणि एक्सेल येते का ते आधी सांग. जीएसटीची बिले, बँक जुळवणी, दैनंदिन रोकड, एवढे हाताने येत असेल तर वणीतल्याच एखाद्या सीएकडे किंवा कृषी केंद्रात हंगामभर बस. पैसे कमी मिळतील. पण मुलाखतीत ‘टॅली येते’ म्हणणारे दहा असतात, ‘मी खरीप हंगामात खताच्या दुकानाचा स्टॉक आणि उधारी टॅलीवर सांभाळली’ म्हणणारा त्यात एखादाच निघतो.

धानपट्टा (आमगाव)

मी थोडा वेगळा विचार मांडतो, राग नसावा. खाजगीत दहा-बारा हजारावर पोरगा नागपूर-पुण्याला जातो, खोलीभाडं आणि जेवणात सगळं संपतं, घरी एक रुपया येत नाही. दोन वर्षांनी परत येतो तेव्हा अभ्यासही गेलेला असतो. मी चार वर्षं अभ्यासिकेत काढली आणि आज सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आईचं औषधपाणी बघू शकतो. भरतीवाल्या पोरांना कमी लेखू नये, एवढंच म्हणणं.

आणि भरती म्हणजे फक्त पोलीस, तलाठी आणि एमपीएससी नाही. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, परीक्षाच नाही. केंद्रीय दलांची कॉन्स्टेबल जीडी परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते. ग्रामीण बँकेची परीक्षा मराठीत देता येते, तिथं स्थानिक भाषा येणं हीच आपली जमेची बाजू. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आहे, तेव्हा जुन्या नावानं जाहिरात शोधत बसू नका. लिपिक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची टायपिंग परीक्षा आत्ताच पास करून ठेवा. जाहिरात आल्यावर क्लास लावून ते होत नाही.

शिकवणीला पैसे नसतील तर ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय. या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती येतात, काहींत विद्यावेतनही असतं. आमच्या भागात ही माहिती फार उशिरा पोचते.

काळीमाती

राग कसला भाऊ? तुम्ही चार वर्षे निभावले आणि आज आईला सांभाळता, याचा आनंदच आहे. कमी लेखण्याचा तर प्रश्नच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी चार वर्षे थांबायची सोय नसते, आणि जागा तर अर्जांच्या मानाने मूठभर असतात. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्याने सुरुवातीलाच घरच्यांसोबत बसून ठरवावे, किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत. ते वहीत लिहून ठेवावे. आणि त्या काळात महिन्यातून काही दिवस तरी हाताला काम असावे, म्हणजे उद्या खाजगीत यायचे झाले तर मधली वर्षे कोरी दिसत नाहीत. भरतीतून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे गणित आणि शिस्त चांगली असते. अडचण येते ती ‘या चार वर्षांत काय केले’ या प्रश्नाला. मुले मान खाली घालतात. मान खाली घालू नका! ‘स्पर्धा परीक्षेची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, सोबत गावात शिकवणी घेतली’ असे सरळ, डोळ्यात पाहून सांगा.

संत्राबाग (वरुड)

बीएस्सी अॅग्रीवाल्यांसाठी. सातव्या सत्रात आपण ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणून गावात राहतो, प्रात्यक्षिकं घेतो, शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवतो. बहुतेक जण त्याची फाइल मार्क मिळाले की कपाटात टाकतात. बियाणे कंपन्या, सूक्ष्म सिंचन, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना नेमका तोच माणूस हवा असतो जो बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलू शकतो. मला मुलाखतीत विचारलं, संत्र्याची आंबिया बहाराची गळ का होते, शेतकऱ्याला काय सांगशील? मी आमच्या बागेतलंच सांगितलं. ताण, पाणी, बुरशी, रस शोषणारे पतंग. पुस्तकाची व्याख्या मला विचारलीच नाही.

दुचाकीचं पक्कं लायसन्स काढून ठेवा. फील्डच्या नोकरीत पहिला प्रश्न तोच असतो, आणि चांगल्या मुलांची निवड त्यावर अडलेली पाहिली आहे.

पूर्णाकाठ (मूर्तिजापूर)

मी वडील म्हणून लिहितो आहे. मुलगी डिप्लोमा इलेक्ट्रिकल, शेवटचं वर्ष. हुशार आहे. बुटीबोरी किंवा पुण्याची नोकरी आली तर पाठवावं का, घरात रोज हाच विषय. तिची आई घाबरते. ताई, तुम्ही स्वतः बाहेर पडलात म्हणून विचारतो.

काळीमाती

काका, तुम्ही विचारलेत हेच मला फार मोठे वाटते. बऱ्याच घरांत हा विषय विचारण्याआधीच संपतो.

भीती खरी आहे, म्हणून ती प्रश्नांच्या रूपाने कंपनीपुढे ठेवायची. कामाच्या पाळ्या कोणत्या? रात्रपाळी असेल तर ने-आण कंपनीच्या गाडीने की स्वतःची? सोबत मुली किती आहेत? तक्रार समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हे विचारायला संकोच नको. ही माहिती मुलीनेच विचारावी, तुम्ही सोबत नुसते बसा. पहिल्या वेळी तुम्ही आणि तिची आई दोघेही जाऊन खोली पाहून या. वसतिगृह, मेस, कामावर जायचा रस्ता, सगळे डोळ्यांनी पाहिले की आईचा जीवही थोडा भांड्यात पडतो.

आणि काका, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेली मुलगी आहे. वीज वितरण, पारेषण, सौर प्रकल्प, कारखान्यांचे मेंटेनन्स विभाग, तिला वाटा भरपूर आहेत. शेवटच्या वर्षाची सुट्टी वाया जाऊ देऊ नका. एखाद्या सबस्टेशनला भेट किंवा सौर पंप बसवणाऱ्याकडे महिनाभर काम, तेवढ्याने बोलण्यात फरक पडतो.

पांढरंसोनं

ताई, टॅली येते, एक्सेल थोडं थोडं. अजून एक. मुलाखत इंग्रजीत असली त माह्या घशाले कोरड पडते. समजते सगळं, बोलता येत नाही.

कोळसापट्टी

भाऊ, आपल्याकडे प्लांटच्या मुलाखती अर्ध्याअधिक हिंदीत होतात. आधी आपलं उत्तर मराठीत पक्कं कर. मराठीतच गोंधळ असेल तर इंग्रजीत कुठून येणार?

काळीमाती

अगदी बरोबर. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न शंभरातल्या नव्वद ठिकाणी येतो. कुठला, काय शिकलो, कोणते काम हाताने केले, ही जागा मला का हवी. एवढेच, मिनिट-दीड मिनिटात. आधी मराठीत मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. मग हिंदीत. मग इंग्रजीत छोट्या वाक्यांत, पाठ केल्यासारखे न वाटेल इतके वेळा. अडले तर ‘सर, मे आय एक्सप्लेन इन हिंदी?’ असे विचारायला काही हरकत नाही. हिशेबाच्या जागेसाठी आम्हाला माणूस समजतो की नाही ते पाहायचे असते.

फोनवरची मुलाखत असेल तर वेळ ठरवून घे आणि रेंज असलेल्या जागी आधीच जाऊन बस. शेतातून, चालत्या एसटीतून उत्तरे देऊ नको. फोन आलाच तर ‘सर, मी प्रवासात आहे, अर्ध्या तासाने फोन करू का’ हे नम्रपणे सांगितलेले कोणालाही चालते.

धानपट्टा

कागदपत्रांचं राहिलं बघा. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि डिग्रीवर नाव एकसारखं आहे का ते आजच ताडून पाहा. कुठं वडिलांचं नाव नाही, कुठं आडनावाचं स्पेलिंग वेगळं. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो. नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, मार्चमध्ये जाहिरात आली की सेतूवर रांगा लागतात. जात पडताळणीचं काम तर कॉलेजात असतानाच उरकावं, नंतर जुने पुरावे गोळा करता करता दमछाक होते. अधिवास, उत्पन्न, सगळं स्कॅन करून डिजिलॉकर आणि ई-मेल दोन्हीकडे ठेवा.

वैनगंगा_तीर (पवनी)

कळकळीनं एक सांगते. आमच्या गावात एका घरानं शेत गहाण टाकून एका माणसाला पैसे दिले. ‘पोराला रेल्वेत लावतो’ म्हणाला. शिक्का मारलेलं जॉइनिंग लेटर आलं, मेडिकलला म्हणून दूर नेलं, तिथं काहीच नव्हतं. पैसे गेले, आणि पोरगा अजून लोकांत मिसळत नाही.

कोणतीही खरी नोकरी पैसे मागत नाही. परीक्षा फी असते ती अधिकृत पोर्टलवरच भरायची. ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे, गणवेशाचे पैसे, गेट पासचे पैसे, असं काही मागितलं की तिथंच थांबायचं. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण.

काळीमाती

ताई, वाचून फार वाईट वाटले. त्या मुलाला कोणीतरी परत अभ्यासिकेत आणा. त्यात त्याचा काहीच दोष नाही. लाज वाटायला हवी ती पैसे घेणाऱ्याला.

पत्र खरे की खोटे पाहायचे तर त्या पत्रावरचा नंबर लावू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून लावा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते, तिथे जाऊन विचारा. ‘महास्वयं’ या रोजगार पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. मेळाव्याला जाताना बायोडेट्याच्या दहा-पंधरा प्रती सोबत न्या, आणि येणाऱ्या कंपन्या काय बनवतात ते आदल्या दिवशी वाचून जा. एवढ्यानेही समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

रानपाखरू (आर्वी)

मी बीएस्सी केमिस्ट्री, निकाल लागला. बुटीबोरीत लॅबमध्ये जागा मिळाली. फोनवर एक आकडा सांगितला होता, पत्रात वर्षाचं पॅकेज लिहिलं आहे आणि भागून पाहिलं तर जास्त दिसतं. पत्र मात्र एका दुसऱ्याच एजन्सीच्या नावानं आहे. हो म्हणू का? गुरुवारपर्यंत कळवायचं आहे.

काळीमाती

आधी अभिनंदन! लॅबचे काम शिकायला फार चांगले.

आता पत्र. पॅकेजमध्ये कंपनी भरते तो पीएफचा १२ टक्के वाटा, बोनस, कधी कधी विमा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. ती महिन्याला हातात येत नाही. तुझ्या पगारातूनही पीएफचा वाटा कापला जाईल. महिन्याचा पगार २१,००० किंवा कमी असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमाही लागू होईल. त्यात थोडी कपात होते पण दवाखान्याची सोय होते, ते तोट्याचे समजू नकोस. ‘सगळे कापून हातात किती’ हे सरळ विचार.

एजन्सीचे नाव आहे म्हणजे तू बहुधा कंत्राटी रोलवर असशील, कंपनीच्या नाही. नुसते तेवढ्यासाठी नाही म्हणू नकोस, पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. पण करार किती महिन्यांचा, पीएफ कोणाच्या नावाने भरला जाणार, सुट्ट्या किती, कंपनीच्या रोलवर घेण्याची काही पद्धत आहे का, नोकरी सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचे, हे विचार. मूळ मार्कशीट कोणी ‘जमा करा’ म्हणाले तर देऊ नकोस, पडताळणीसाठी दाखवून परत घे. पहिल्या पगारानंतर पीएफ खात्याचा यूएएन नंबर चालू करून पीएफ खरेच भरला का ते स्वतः पाहायचे.

उद्या सकाळी दहानंतर फोन कर, आणि बोलणे झाले की तेच मुद्दे ई-मेलवर पाठवून लेखी उत्तर माग. उत्तर आले की नाव-गाव झाकून इथे टाक, कोळसापट्टी भाऊ आणि मी दोघे पाहू.

कोळसापट्टी

हो, टाक. सोबत पाळीची वेळ आणि आर्वीवरून रोज येणं-जाणं जमणार आहे का तेही लिही. बुटीबोरीत खोली बघायची असेल तर माझे दोन मित्र तिथंच राहतात, त्यांच्या बहिणींना विचारून सांगतो.